दोन काड्या आणि दोब्रिनाची कात्री

आमच्या गावात एखादी पाटी वाकडी लागलेली दिसली, तर ती दोब्रिनाने कापली आणि तिच्या नवऱ्याने, म्हणजे पेन्कोने, लावली असे समजावे. सरळ लागलेली दिसली, तर दोन्ही कामे दोब्रिनाने केलेली असतात. औषधाच्या दुकानावरचा हिरवा क्रॉस, दातांच्या डॉक्टरचा हसरा दात, शाळेच्या बसवरची अक्षरे, स्मशानभूमीच्या फाटकावरच्या वेळा, सगळे तिच्याच दुकानातून बाहेर पडलेले आहे. प्लॉव्हदिव्ह शहराहून येणारी बस गावात शिरते तेव्हा उतारूला पहिल्यांदा दिसते ती दोब्रिनाची करामत, आणि चर्चचा घुमट त्यानंतर.

तिचे दुकान माझ्या कचेरीच्या बरोबर समोर आहे. मी गावच्या वाइनच्या तळघराचे हिशेब पाहतो, आणि निवृत्तीपर्यंत तेच पाहीन असे दिसते. आमच्या दोन खिडक्यांच्या मधे एक गल्ली आणि एक अक्रोडाचे झाड, एवढेच अंतर. काम अवघड असले की दोब्रिना जिभेचे टोक ओठांच्या कोपऱ्यात धरते. ते दिसले की मी कॉफीचा कप घेऊन पलीकडे जातो. तिला त्याचा त्रास होत असावा, पण तिने कधी तसे म्हटलेले नाही. तिच्या दुकानात माझ्यासाठी एक स्टूल आहे, आणि त्याचा एक पाय आखूड आहे. त्यामुळे मी फार वेळ बसत नाही. पाय तिने मुद्दाम तसा ठेवला आहे, असा पेन्कोचा आरोप आहे.

ती मूळची लोणची-मुरंब्याच्या कारखान्यातली. बरण्यांवरच्या चिठ्ठ्यांच्या विभागात शाईने टोमॅटो आणि मिरच्या काढायची. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्या बायका रडल्या. दोब्रिनाने अक्षरे कापायचे एक जुने सुरीचे यंत्र मिळवले. त्याला ती प्लॉटर म्हणते. त्यासोबत जर्मन भाषेतले जाडजूड माहितीपुस्तक होते. जर्मनचे तिला एक अक्षर येत नव्हते. नुसती चित्रे बघत बघत ती शिकली. अजूनही यंत्र अडले की त्या पुस्तकातले एक चित्र उघडते, त्याच्यावर बोट ठेवते आणि यंत्राकडे रागाने बघते. यंत्र चालू होते.

संगणकावर ती रेषांनी चित्र काढते. असे चित्र नखाएवढे छापा किंवा भिंतीएवढे, कडा तशाच धारदार राहतात. पण ती रेषा काढते कशी, हे पाहून मला पहिल्यांदा नवल वाटले होते. वर्तुळ हवे तेवढेच न काढता पूर्ण काढायचे. सरळ रेषा हव्या त्या टोकाच्याही पलीकडे, अगदी कागदाबाहेर सोडायची. पडद्यावर सगळा विस्कटलेल्या लोकरीसारखा गुंता.

मी विचारले, "अगं, एवढी लांब कशाला नेतेस? पाहिजे तिथे थांबव की."

"नेमकं टोकाला थांबवायला गेलं की दोन रेषा एकमेकींना भेटतच नाहीत, बाय स्तामेन. केसाएवढी फट राहते. आणि त्या फटीतून सगळा रंग बाहेर सांडतो." स्तामेन म्हणजे मी, आणि 'बाय' आमच्याकडे वयाने मोठ्या पुरुषाला म्हणतात.

"मग?"

"मग काय? आधी दोघींना एकमेकींवरून खुशाल जाऊ द्यायचं. कुठे छेदतात ते बघायचं. तिथे कात्री लावायची, आणि उरलेली शेपटं पुसायची."

पडद्यावरची ती कात्री चालवताना तिचा चेहरा पाहण्यासारखा असतो. एक एक शेपूट निवडते, पुसते, आणि दर वेळी नाकाने छोटासा आवाज काढते. शेवटी सगळे रंग काढून टाकते आणि नुसता रेषांचा सांगाडा बघते. "रंगाच्या खाली काय काय दडतं," असे ती म्हणते. "आणि सुरीला वरचं-खालचं कळत नाही. रेघ दिसली की कापते. झाकलेली असो की उघडी." हे वाक्य ती प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवते. एकदा अग्निशामक दलाच्या लोकांनी स्वतःच काढून आणलेल्या चित्रात अक्षरे एकमेकांवर चढली होती. त्यांनी घाई केली. तिने निमूटपणे ते तसेच यंत्रात घातले, आणि निघालेला भुगा पिशवीत भरून त्यांच्या हातात दिला.

अशा बाईला छाटण्याची सवय जडली तर नवल नाही. महापौरांच्या नववर्षाच्या शुभेच्छा पानभर आल्या होत्या, तिने त्या एका ओळीत बसवल्या. महापौरांना ती ओळ आपलीच वाटली. पेन्को ट्रक चालवतो आणि प्रत्येक खेपेची गोष्ट पहिल्या गिअरपासून सांगतो. तो जेवताना सुरू झाला की ती टेबलावर दोन बोटे कात्रीसारखी हलवते, आणि पेन्को बिचारा थेट घरी पोहोचल्याच्या भागावर येतो.

फक्त एक गोष्ट तिला कधी सोडवता आली नव्हती. ती म्हणजे तिचे वडील आणि तिचे सासरे.

आमच्या गावाच्या मधून एक ओढा जातो. ओढ्याच्या वर वरची आळी, खाली खालची. दोब्रिनाचे वडील तोन्चो वरच्या आळीचे, सासरे वेल्को खालच्या. दोघांचेही आयुष्य द्राक्षात गेलेले, दोघांचे मळे एकमेकांना लागून. लग्नात दोघे एकमेकांच्या गळ्यात गळे घालून नाचले होते. पुढे एका वर्षी वेल्कोच्या वेलाची एक काडी वाढत वाढत हद्दीवरच्या तोन्चोच्या तारेवर गेली. तोन्चोने ती छाटली. वेल्कोचे म्हणणे, विचारायला हवे होते. तोन्चोचे म्हणणे, काडीने विचारले होते का? एवढ्यावरून व्याह्यांनी बोलणे टाकले, आणि तेव्हापासून एका टेबलावर बसले नाहीत.

याचा सगळा भार दोब्रिनावर. ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी ती आधी वरच्या आळीत जेवायची, मग ओढा उतरून खालच्या आळीत. दोन्हीकडे कोबीच्या पानांत गुंडाळलेला भात, दोन्हीकडे भोपळा भरून भाजलेली, पातळ पदरांची बनित्सा, आणि दोन्हीकडे "काय गं, खात का नाहीस?" मुलाच्या बाप्तिस्म्याला दोन खोल्यांत दोन टेबले मांडली होती, आणि ही आणि पेन्को दाराच्या उंबऱ्यात उभे राहून जेवले.

"मला काही मोठं नको, बाय स्तामेन," ती मला एकदा म्हणाली. "सणाला एक टेबल. चारी बाजूंनी माणसं. आणि मी पण बसलेली. बस."

संधी आली ती या हिवाळ्यात. द्राक्षे घेणाऱ्या मोठ्या मंडळींनी सांगितले की यापुढे दोन आळ्यांचा माल वेगवेगळा घेणार नाही, एक नाव आणि एक बोधचिन्ह घेऊन या. कुरकुर करत दोन्ही आळ्यांची द्राक्षवाल्यांची मंडळे एक व्हायला तयार झाली. त्रिफोनच्या सणाला, चौदा फेब्रुवारीला, सगळ्यांनी एकाच झेंड्यामागून मळ्यात जायचे, एकत्र पहिली छाटणी करायची आणि नंतर एकत्र जेवायचे असे ठरले. त्रिफोन आमच्या द्राक्षवाल्यांचा संत. छाटणी करताना लक्ष दुसरीकडे गेले म्हणून त्याने स्वतःचेच नाक कापून घेतले असे सांगतात, त्यामुळे आम्हाला तो जवळचा वाटतो.

झेंड्यावरच्या चिन्हाचे काम दोब्रिनाकडे आले. अट एकच होती. तोन्चो आणि वेल्को आपापल्या आळीचे वडीलधारे, दोघांनी होकार दिला पाहिजे. एकानेही नाही म्हटले, की त्याची आळी वेगळी जाणार. सणाचे एक टेबल मग दूरच राहिले.

दोब्रिनाने सुरेख चित्र काढले. खालून दोन काड्या निघतात, डावी वरच्या आळीची, उजवी खालच्या आळीची. एकमेकींना पीळ देत वर जातात आणि मधे एकच घड लोंबतो. पिळाला तीन ठिकाणी छेद. मला तर ते फारच आवडले. पण मी हिशेबाचा माणूस. द्राक्षवाला चित्र बघत नाही, वेल बघतो, हे मला तेव्हा सुचले नाही.

तोन्चो सकाळी आला. उंच, किडकिडीत म्हातारा. टोपी काढली नाही. चष्मा मात्र काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ही आपली का?"

"डावीकडची, बाबा."

"मग ती वर जाऊन उजवीकडे का गेलीय?"

"पीळ आहे ना. तीनदा फिरली की बाजू बदलते."

"माझी काडी माझ्या तारेवर राहते. शेजाऱ्याच्या तारेवर जायची खोड तिकडच्यांच्या काड्यांना आहे." मग त्याने कागदावर बोट ठेवून मोजायला सुरुवात केली. काडीवर जिथून नवी फूट येते, त्या गाठीला आम्ही डोळा म्हणतो. छाटणीच्या वेळी किती डोळे ठेवायचे यावर पुढचे अख्खे वर्ष ठरते. "एक, दोन, तीन, चार. आणि त्याच्या काडीला पाच?"

"तुमचा एक डोळा छेदाच्या जागी आलाय बाबा. मामंजींच्या काडीखाली."

"म्हणजे कापलास."

"दिसत नाही एवढंच."

"जो दिसत नाही तो फुटत नाही. कापलास."

दुपारी वेल्को आला. हा जाडजूड, धापा टाकणारा. आल्या आल्या माझ्या स्टुलावर बसला, डुगडुगला आणि स्टुलाला शिवी दिली. कागद हातभर लांब धरून त्याने बराच वेळ पाहिले.

"डोळे पाच. ठीक. पण हिथं माझी काडी तुटलीय का?"

"तुटली नाही मामंजी. तिथं ती खालून जाते."

"खालून? त्याच्या खालून? माझी?"

"एकदाच. दोनदा वरून आहे की."

"पण एकदा तरी का?"

"नाहीतर पीळ कसा दिसेल? नुसती एकावर एक ठेवल्यासारखी दिसेल."

"मग ठेव की!" आणि मग आवाज खाली आणून, "तुझ्या बापाने सांगितलं ना तोडायला? खरं सांग, पोरी. एकदा तोडली, आता चित्रात पण तोडतोय."

तो गेल्यावर दोब्रिनाने कागदाचा बोळा केला. जिभेचे टोक ओठांच्या कोपऱ्यात गेले.

दुसरे चित्र करायला तिला आठवडा लागला. आता छेद चार केले. दोनदा ही वरून, दोनदा ती वरून. चारदा फिरल्यामुळे डावी काडी डावीकडेच पोहोचली आणि उजवी उजवीकडे. प्रत्येकीला पाच डोळे, आणि एकही डोळा छेदाच्या आसपास नाही. हे सगळे जमवणे म्हणजे वर्षअखेरीचा ताळेबंद जुळवण्यासारखे होते, आणि जुळल्यावर तिने टाळी वाजवली.

पण या वेळी तिने एक गोष्ट वेगळी केली. खालून जाणारी काडी छेदाच्या जागी कापून तिथे जरा मोकळी जागा ठेवायची, म्हणजे ती खरोखर खालून गेल्यासारखी वाटते, ही तिची नेहमीची रीत. तसे तिने केले नाही. काडी अखंडच ठेवली, आणि छेदाच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या बारीक पट्ट्या ठेवून ती झाकली. कागदावर पाहणाऱ्याला काहीच फरक कळत नव्हता.

मी विचारले, "हे कात्रीने नाही का करायचं?"

"करायचंच आहे. आधी होकार मिळू दे."

होकार मिळाला तो त्या पट्ट्यांमुळेच. तोन्चोला तिने रंग काढून सांगाडा दाखवला. "बघा बाबा, खालपासून वरपर्यंत एक रेघ. कुठे कापलीय?" तोन्चोने पडद्यावर बोट फिरवत काडी खालून वर तपासली आणि मान्य केली. वेल्कोलाही तसेच दाखवले. "नाही कापलीस?" "नाही मामंजी." "शप्पथ?" "शप्पथ." वेल्को इतका खूश झाला की जाताना त्याने स्टुलाच्या आखूड पायाखाली घडी घातलेला पुठ्ठा सरकवला.

शपथ घेऊन बसल्यावर कात्री लावायची कशी? ती रोज म्हणायची, उद्या छाटते. दोन्ही म्हातारे रोज काहीतरी निमित्त काढून वेगवेगळ्या वेळी यायचे आणि आपापली काडी अखंड आहे ना हे बघून जायचे. सणाच्या आदल्या सकाळी झेंड्याचे जांभळे कापड इस्त्री होऊन आले. चिन्ह सोनेरी फिल्ममधून कापून कापडावर गरम दाबून चिकटवायचे होते. दोब्रिनाने फिल्म यंत्रात घातली आणि बटण दाबले.

विसरले, असे ती म्हणते. मला ते पटत नाही, आणि पटतेही. जे करायचे मनात नसते, ते विसरायला माणसाला फारसे कष्ट पडत नाहीत.

सुरी किरकिरत फिरत होती. मी खिडकीतून पाहिले, तर वरच्या बाजूने तोन्चो येत होता आणि खालच्या बाजूने वेल्को. दोघांनाही आळीतल्या कोणीतरी सांगितले होते की दुसरा एकटाच बघायला चाललाय. मी कॉफी टाकून धावलो. मी पोहोचेपर्यंत दोघे दारात एकमेकांसमोर उभे होते. आधी कोण आत जाणार हे ठरत नव्हते, आणि विचारायचे तर बोलावे लागले असते. शेवटी दोघे एकदमच घुसले, खांद्याला खांदा घासत.

दोब्रिना चिमट्याने फिल्मचा नको असलेला भाग सोलत होती. घड छान आला. पाने आली. मग तिने पिळाजवळची पट्टी उचलली, आणि तिच्याबरोबर काडीचा एक तुकडा निघून आला. मग दुसरा. सुरीने वरची रेघ कापली होती, खालची कापली होती, पांढऱ्या पट्ट्यांच्या कडाही कापल्या होत्या. दोन्ही काड्यांचे बोटबोटभर तुकडे होऊन टेबलावर पडले. शेंगांची टरफले पडावीत तसे.

मग दोघे एकदम ओरडले, "कापलीस!"

"शप्पथ घेतली होतीस!" वेल्को म्हणाला.

"माझी पण?" तोन्चो म्हणाला.

"चला," वेल्को दाराकडे वळला. "उद्या खालची आळी आपली आपण जाईल."

"वरच्या आळीला पण रस्ता माहीत आहे," तोन्चोने टोपी खाली ओढली.

आणि दोब्रिनाचा आवाज फुटला. इतकी वर्षे मी समोर बसतो, पण तिला ओरडताना मी पहिल्यांदा ऐकले.

"मी नाही कापली म्हणूनच तुकडे झाले! कळतंय का तुम्हाला? कापायला पाहिजे होती! चार ठिकाणी, नीट, हिशेबात. ती मी कापली नाही, झाकून ठेवली. तुमच्या भीतीनं. आणि झाकलं की सुरी सगळंच कापते. तुमची पण, तुमची पण!"

दोघे म्हातारे थांबले. दोब्रिनाने डोळे बाहीने पुसले, खुर्ची ओढली आणि संगणकासमोर ठेवली. शेजारी माझे स्टूल ठेवले.

"आता मी हात लावणार नाही. ज्याची काडी त्याने छाटायची. दोन छेद तुम्ही, दोन तुम्ही. नाहीतर उद्या झेंड्याशिवाय जा, वेगवेगळे जा, आणि जेवायला माझी वाट बघू नका. मी कुठेच जेवणार नाही."

हा शेवटचा धाक भारी पडला. न जेवणारी पोर दोन्ही आळ्यांना परवडणारी नव्हती. तोन्चो खुर्चीवर बसला. वेल्कोने स्टूल हाताने दाबून पाहिले आणि तोही बसला.

पडद्यावर सांगाडा उघडला. माऊस तोन्चोच्या हातात. त्याने तो कोंबडीचे पिल्लू धरावे तसा धरला. बाण पडद्यावर इकडेतिकडे पळाला.

वेल्कोला राहवले नाही. तो छताकडे पाहत म्हणाला, "काही लोकांना सांगा, डोळ्याच्या इतकं जवळ कापत नाहीत. डोळा मरतो."

तोन्चो दोब्रिनाकडे पाहत म्हणाला, "काही लोकांना सांगा, मी छाटणी करत होतो तेव्हा ते चड्डीत होते."

"आपण दोघं एकाच वर्गात होतो रे!" वेल्को थेट बोलला. बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आले, पण शब्द परत घेता येईना.

"मग गप बस ना. हे बघ. इथे?"

"जरा मागे. तिरका घे. सपाट कापलास तर पाणी बसतं."

"बाबा, मामंजी, हा संगणक आहे, पाणी कुठून येणार," दोब्रिना म्हणाली.

"तू मधे बोलू नकोस," दोघे म्हणाले.

पहिला काप तिरका पडला. दोब्रिनाने तो मागे घेतला आणि पुन्हा करायला लावला. दुसऱ्या वेळी बरोबर पडला. मधला तुकडा निवडून तोन्चोने पुसला, आणि त्याची काडी वेल्कोच्या काडीखालून शिस्तीत गेली. तोन्चो बघतच राहिला.

"जिवंत दिसतेय की," तो म्हणाला.

"आधी मेलेली होती का?" वेल्को म्हणाला. "सरक. आता माझी."

वेल्कोची बोटे जाड. बटण दाबले की दोनदा दाबले जायचे. तोन्चोने त्याच्या मनगटावर हात ठेवला. "घट्ट नको धरू. हळू. कात्री नवी आहे असं समज." वेल्कोने हात झटकला नाही. दुसऱ्या छेदाला तर दोघांत वाद लागला की मोकळी जागा दोन्ही बाजूंना सारखी आहे की नाही, आणि दोब्रिनाने मोजून दाखवली तरी दोघांनीही मापावर विश्वास ठेवला नाही. स्वतःच्या नजरेवर ठेवला. वेल्कोच्या बाजूला केसभर जास्त निघाली. तोन्चोने ती सारखी करायला लावली.

यंत्र पुन्हा किरकिरले. या वेळी फिल्म उचलली तेव्हा दोन्ही काड्या पिळासकट, डोळ्यांसकट जागच्या जागी राहिल्या.

पण सोलायचे बरेच होते. पानांच्या शिरा, घडातले मणी, अक्षरांच्या पोटातले ठिपके. दोब्रिनाने दोघांच्या हातात एक एक चिमटा दिला आणि फिल्म कापायच्या मोठ्या टेबलावर पसरली. एक म्हातारा या बाजूला, एक त्या बाजूला. मधून मधून "तुझा मणी राहिलाय", "तो मणी नाही, पानाचं टोक आहे, आंधळ्या" असे चालले होते. दुपार झाली. दोब्रिनाने मला खूण केली. ती मागच्या खोलीतून लीकच्या पातीची बनित्सा घेऊन आली आणि फिल्मच्या कडेला ठेवली. मी तळघरातून वाइन आणली. भांडण नको म्हणून मुद्दाम दुसऱ्याच गावची आणली. दोघांनी एक एक घोट घेतला, एकमेकांकडे पाहिले आणि ती वाईट असल्याचे एकमताने ठरवले. मग संपवली.

तेवढ्यात पेन्को आला. झेंड्याची काठी खांद्यावर. दारातच थबकला. "अरे! तुम्ही दोघं एका..."

दोब्रिनाने त्याच्या पायावर पाय दिला. पेन्को काठी धरून तसाच उभा राहिला.

पण वेल्कोने मान वर केली होती. त्याने टेबलाकडे पाहिले, बनित्साच्या ताटाकडे पाहिले, समोर बसलेल्या व्याह्याकडे पाहिले.

"मी काही याच्याबरोबर बसलेलो नाही," तो म्हणाला.

"ऊठ मग," तोन्चो म्हणाला.

"काम अर्धं आहे."

"मग बस."

वेल्को बसला. थोड्या वेळाने फिल्मवरून नजर न काढता म्हणाला, "उद्या जेवण कुठं आहे?"

"माझ्याकडे, ओढ्याखाली," दोब्रिना म्हणाली. "एकच टेबल आहे, मामंजी. दुसरं मी मांडणार नाही."

"मला काय विचारतेस? तुझ्या बापाला विचार. तो ओढा उतरेल का?"

"उतरेन," तोन्चो म्हणाला. "चढताना तू मला हात दे, म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी दोन्ही आळ्या एका झेंड्यामागून मळ्यात गेल्या. वेली छाटल्या, रीतीप्रमाणे जखमांवर वाइन ओतली, सणाचा म्हणून वर्षाचा राजा निवडला आणि त्याला काड्यांचा मुकुट घालून खांद्यावरून आणले. झेंड्याजवळ गर्दी होती. प्रत्येक जण डोळे मोजून बघत होता आणि पाच पाच भरल्यावर पुढे सरकत होता.

दुपारी दोब्रिनाकडे आम्ही सगळे टेबलाभोवती बसलो. तांदूळ भरलेली भाजलेली कोंबडी, गोल पाव, लोणच्याची मिरची. तोन्चो आणि वेल्को समोरासमोर. त्यांचा वाद हद्दीवरच्या त्या जुन्या काडीपर्यंत पोहोचला होता, आणि ती डोळ्याच्या किती वर छाटायला हवी होती हे दोघे चमच्यांनी दाखवत होते. दोब्रिनाने सगळ्यांना वाढले, एप्रन काढला आणि पेन्कोच्या शेजारी बसली. भिंतीला पाठ टेकवली. पाव हातात घेतला, आणि पहिला घास घेण्याआधीच तिला झोप लागली.

पेन्कोने तिच्या हातातला पाव हळूच काढून घेतला. दोन्ही म्हाताऱ्यांनी आवाज खाली आणला. भांडण मात्र चालू ठेवले, कुजबुजत.